हलका मनोरा

चाओती : हलका आहे, गुरुजी. अजून हलकाच आहे.

त्साय गुरुजी : फिरवत राहा, ताई. सावकाश. कागदाला हात लावू नका, बांबूचं कडं धरा. कागद फाटला तर तुमची आई चढणार कशावरून?

चाओती : सकाळपासून फिरवतेय. शेजारच्यांचे मनोरे केव्हाच जड होऊन थांबले. त्यांची बुडालेली माणसं पाण्यातून वर आली, त्यांचं रडून झालं, आता सावलीत बसून कलिंगड खातायत. आणि आमचा बघा, जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखा गरगरतोय.

आजी : हवा दमट आहे. कागद फुगला की तसंच होतं.

त्साय गुरुजी : कागद फुगला तर मनोरा जड होईल, आजी. हलका कसा होईल?

आजी : मग बांबू पोचट असेल. हल्लीचे कागदवाले कसले मेले! इथं जपान्यांचं राज्य होतं तेव्हा मनोरे करायचे ते बघायला हवे होते. दोन बाप्यांना उचलत नसत.

चाओती : आजी, मनोरा काल तूच निवडलास. बोटांनी ठोकून ठोकून बघितलास.

आजी : म्हातारीच्या बोटांना काय कळतंय!

त्साय गुरुजी : थांबा दोघी. मी पुन्हा कौल लावून बघतो. लेहुआ, लू घराण्याची सून, तुझी मुलगी चाओती काओश्युंगहून बस धरून आलीय. दारात उभी आहे. आली असशील तर हो म्हण.

चाओती : काय आलं?

त्साय गुरुजी : कौलाचे दोन्ही लाकडी तुकडे पालथे. नाही म्हणतायत.

चाओती : पुन्हा टाका.

त्साय गुरुजी : किती वेळा टाकू, ताई? मघाशी दोन्ही उताणे पडले, म्हणजे देव हसला. आता दोन्ही पालथे. एक उताणा, एक पालथा पडला तर हो, पण तसं काही पडत नाही. सरळ सांगतो, ती इथं आलेलीच नाही.

आजी : नाही आली तर नाही आली. माझी सून जिवंत असतानाही हाकेला ओ देत नव्हती. उन्हात उभं राहून माझे पाय सुजले. मनोरा जाळा, पेज प्या आणि घरी चला.

चाओती : मी नाही येत.

आजी : मग बस इथं. हुंगला यंदा देवळात उदबत्तीचा मान मिळालाय. त्याच्या अंगावर तो निळा झगा कसा शोभतोय, ते तरी जाऊन बघ. सख्खा नसला तरी भाऊ आहे तुझा.

चाओती : बघितला. छान दिसतोय. गुरुजी, आई का येत नाही? तुम्ही ही विद्या तुमच्या वडिलांकडून घेतलीत, त्यांनी त्यांच्या वडिलांकडून. तुम्हाला नाही कळणार तर कोणाला कळणार?

त्साय गुरुजी : एक विचारू? राग मानू नका. हे आख्खं मैदान बघा. सगळे मनोरे पांढरे. पाण्यात गेलेल्यांचे. बोटी उलटल्या त्यांचे, कालवं काढायला जाऊन भरतीत सापडले त्यांचे. तुमच्या एकटीचा लाल.

आजी : मग? बाळंतपणात गेलेल्या बाईला लालच लागतो. तिचा जीव रक्ताच्या तळ्यात अडकतो. हे मी तुला शिकवायचं? तुझं नाक गळत होतं तेव्हापासून तुला बघतेय मी.

त्साय गुरुजी : बघितलं असेल, आजी. आता ते नाक पुसायला मीच आहे. म्हणून विचारतो. लेहुआ बाळंतपणातच गेली?

आजी : बाळंतपणात. रक्त थांबलं नाही. सगळ्या गावाला माहीत आहे.

त्साय गुरुजी : मी वर तसंच वाचलंय. नाव, गाव, जन्मवेळ, मरण कशानं आलं. वरच्या दरबारात मी तुमच्या वतीनं उभा असतो. चुकीचं वाचलं तर तिथला कारकून मला आणि तुम्हाला दोघांनाही दारातून परत पाठवतो. आत्ता नेमकं तेच चाललंय.

चाओती : आजी.

आजी : काय आजी? माझ्याकडं काय बघतेस?

चाओती : मी तेव्हा पाच वर्षांची होते, गुरुजी. तुमच्या वडिलांनीच सगळं केलं होतं. मला लाल पाण्याचा वाडगा दिला. म्हणाले, आईच्या वाटचं रक्त मुलानं पिऊन टाकायचं, म्हणजे तिला प्यावं लागत नाही. मुलगा नव्हता, म्हणून मला दिला. मला वाटलं, खरंच रक्त आहे. डोळे मिटून प्यायले. पुढं कितीतरी दिवस मला प्रत्येक घासाला तीच चव लागायची. आज सकाळी पुन्हा प्यायले. माझ्या हातानं भरून, न सांगता प्यायले. मग ती का येत नाही?

त्साय गुरुजी : ते मी बघितलं, ताई. तुमच्याकडून काही कमी नाही राहिलं.

चाओती : ती माझ्या स्वप्नात येते. म्हणून तर यंदा रजा टाकून आले. पलंगाच्या पायाशी उभी राहते. केसांतून थेंब गळत असतात.

त्साय गुरुजी : कसले थेंब?

चाओती : पाण्याचे.

आजी : कारखान्यात दिवसभर मासे धुतेस, मग रात्री पाणीच दिसणार. मला माझ्या वयात स्वप्नात दात दिसतात.

चाओती : आणि चपला?

आजी : कसल्या चपला?

चाओती : आईच्या लाकडी चपला. आपल्या तळ्याच्या बांधावर होत्या, शेजारीशेजारी, घरात शिरताना काढून ठेवाव्या तशा. मी त्या उचलून घरी आणल्या. मला वाटलं, आई विसरली, मला शाबासकी मिळेल. तू माझ्या थोबाडीत मारलीस आणि चपला चुलीत घातल्यास. ओलं लाकूड होतं, धूर झाला. मला धूर आठवतो, आजी. धूर काही स्वप्न नव्हतं.

आजी : पाच वर्षांच्या पोरीला काय आठवतं! उद्या म्हणशील, जन्मताना सुईण कुठल्या रंगाचं नेसली होती तेही आठवतं.

चाओती : बाळंतीण बाई, रक्त थांबत नाही म्हणून पलंगावर पडलेली. मग तिच्या चपला तळ्यावर कोणी नेल्या?

त्साय गुरुजी : आजी, एक सांगतो. मी पोलीस नाही. तुमच्या घरात काय झालं ते मला ऐकायचंही नाही. माझा घसा सकाळपासून बसलाय, कान तरी शाबूत राहू देत. मला फक्त रंग सांगा. लाल की पांढरा?

आजी : रंगानं काय होतं!

त्साय गुरुजी : सगळं होतं. लाल मनोरा उभा केला म्हणजे मी रक्ताच्या तळ्याच्या काठावर उभा राहून तिच्या नावानं हाका मारतोय. आणि ती तिथं नसलीच तर? ती पाण्यात असली तर? पंचवीस-तीस वर्षं ती तळाशी बसून ऐकतेय की सगळ्यांची नावं पुकारली जातायत आणि तिचं नाव कोणी घेत नाही. आपण भलत्याच दारावर ठोठावतोय, आजी.

आजी : तुझा बाप असं कधी बोलला नाही.

त्साय गुरुजी : माझा बाप गावातला सगळ्यात स्वच्छ ताओ पुजारी होता. त्याच्या झग्यावर मेणाचा डाग नसायचा. त्यानं लाल मनोरा उभा केला तो तुम्ही सांगितलंत म्हणून.

आजी : तुझ्या बापानं मला काही विचारलंच नाही. शहाणा माणूस. दारातून आत आला, जमिनीवर बघितलं, तिच्या केसांकडं बघितलं आणि बाहेर जाऊन कागदवाल्याला म्हणाला, लाल.

त्साय गुरुजी : म्हणजे?

आजी : म्हणजे काय? तूच म्हणालास ना, तुला ऐकायचं नाही. मग नको ऐकूस.

चाओती : केसांकडं का बघितलं?

आजी : मला काय विचारतेस? तो मेला. जाऊन त्याला विचार.

त्साय गुरुजी : माझ्या बापानं वर खोटं वाचलं?

आजी : ओरडू नकोस, लोक बघतायत. खोटं काय त्यात? बाळंत झालीच होती. रक्त गेलंच होतं. आणि गावात कोणाला माहीत नव्हतं रे? गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या, लाल मनोऱ्यापुढं वाकल्या, कागदी पैसे जाळले आणि गेल्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. लाल मरण म्हणजे कोणाचा दोष नाही. बाईच्या जन्माला आली, बाळंत झाली, मेली. उद्या त्यांच्यावरही तीच पाळी आली असती. पांढरा उभा केला असता तर माझ्या मुलाला दुसरी बायको कोणी दिली असती? आणि त्या तळ्याचे मासे कोणी घेतले असते? पोत्यानं मासे होते त्या वर्षी. आपण खायचं काय?

चाओती : तेच मासे आपण विकले?

आजी : विकले. खाल्लेही. तूही खाल्लेस. म्हणून वाढलीस.

त्साय गुरुजी : ताई, खाली बसा. कडं सोडू नका, पण बसा.

चाओती : नको. मी ठीक आहे. मला माहीत होतं. एवढी मोठी झाले, मला कळलं नसेल? तिनं जीव दिला. भावाला बोलावून आणेल म्हणून माझं नाव चाओती ठेवलंत, आणि माझ्या मागून आली बहीणच. मग या घरात तिला कोणी नीट जगू दिलं नसणार. तिनं चपला काढल्या आणि गेली. मी आत झोपले होते, तरी गेली. मला सगळं समजतं. एवढंच समजत नाही की मला उठवून एकदा बघितलंसुद्धा नाही.

आजी : तू झोपली होतीस.

चाओती : तेच म्हणतेय.

त्साय गुरुजी : मग आपण पांढरा करू या. आजी, तुम्ही फक्त मान हलवा. कागदवाला तिथंच बसलाय, उन्हं कलायच्या आत उभा करून देईल.

आजी : आणि पांढरा केला की तू काय करणार? निशाण घेऊन, शिंग फुंकत आमच्या तळ्याच्या बांधावर जाणार. सगळं गाव मागं. ती जिथं गेली तिथूनच तिला उचलून आणावं लागतं, हे मलाही कळतं. आणि देवळाच्या पायरीवर माझा नातू उदबत्तीचा मान घेऊन उभा. परवा त्याच तळ्याचे मासे काढायचेत त्याला. हुंगच्या बायकोचे दिवस भरत आलेत. तिच्या कानावर गेलं तर ती बाळंतपणाला त्या घरात पाय ठेवेल का?

चाओती : कळलं. पुन्हा मासे.

आजी : हो, मासे. तू पगार घेतेस. इथं मासेच असतात.

चाओती : ठीक आहे. नको सांगूस. गुरुजी, लाल तर लाल. मनोरा अजून जाळू नका. संध्याकाळच्या बसनं दुसरा हात येतोय.

त्साय गुरुजी : कोणाचा?

चाओती : माझ्या बहिणीचा.

आजी : कुठल्या बहिणीचा?

चाओती : जी बाळंतपणात झाली तिचा. तूच सांगायचीस ना, बाळ मिठागरावरच्या एका घरी दिलं, त्यांना मुलगी हवी होती, पुढं सून करून घ्यायला. मी रजेच्या दिवशी मिठागरावर जायची, गुरुजी. घर न् घर विचारत. लोक मला वेडी म्हणायचे. या वर्षी सापडली. सोचू तिचं नाव. वय जुळतं, दत्तक आलेली आहे, आपलं घर कुठलं ते तिला माहीत नाही. तिचा अंगठा माझ्यासारखाच वाकडा आहे. आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो. मी तिला निळं कापड घेतलं. ती येतेय आज, आईला हाक मारायला. दोन मुलींनी फिरवलं तर येईल आई.

आजी : ती नव्हे.

चाओती : काय?

आजी : ती तुझी बहीण नव्हे. तिला परत पाठव.

चाओती : तू बघितलीसुद्धा नाहीस तिला.

आजी : बघायला कशाला हवं? नाही म्हणजे नाही. कोणाच्याही पोरीला आणून मनोऱ्याला हात लावायला लावशील तर लेहुआला काय वाटेल? परकी पोरगी आई म्हणून हाक मारतेय!

चाओती : मग माझी बहीण कुठं दिलीस? घर सांग. गाव सांग. मी सोचूला परत पाठवते आणि तिला घेऊन येते.

आजी : तिथं कोणी नाही.

चाओती : कुठं?

आजी : मिठागरावर. त्यांनी घेतली नाही. दाई जाऊन आली होती. त्यांच्या घरीही मुलगीच झाली होती त्या आठवड्यात. दाई म्हणाली, आता आणखी कुठं जाऊ?

त्साय गुरुजी : ताई, कडं सोडा. सोडा मनोरा. बसा इथं.

चाओती : मग बाळ कुठं गेलं, आजी?

आजी : तू मला असं विचारू नकोस. मी काही राक्षसीण नाही. मला तरी कोणी हौसेनं ठेवलं होतं? माझं नाव काय? बोंगयो. असू दे, वाढली तर वाढली. माझ्या आधीच्या दोघींना तेही नाव मिळालं नाही. सगळीकडं तसंच होतं. टोपली असायची, वर फडकं असायचं आणि पहाटे बाया बांधावर जायच्या. कोणी कोणाला विचारत नसे. दुसऱ्या दिवशी देवळात येऊन उदबत्ती लावायच्या. म्हणायच्या, पुढच्या खेपेला दुसऱ्या चांगल्या घरी जन्माला घाल.

चाओती : तू टोपली नेलीस.

आजी : ती झोपली होती. मला वाटलं, झोपलीय. अंगात ताप होता. काल बाळंत झालेली बाई उठेल असं कोणाला वाटतं?

त्साय गुरुजी : आजी, बास. मला रंग कळला.

आजी : नाही, आता ऐक. सगळ्यांनी मिळून विचारलंत, आता ऐका. ती जीव द्यायला नव्हती गेली. तुझी आई, चाओती. तुला टाकून नव्हती गेली. बांधावर आली, मला बाजूला सारलं. एवढीशी बाई, पण कुठून बळ आलं कोण जाणे. चपला काढल्या. चिखलात चपला अडकतात ना, म्हणून काढल्या. नीट शेजारीशेजारी ठेवल्या, परत घालायच्या म्हणून. आणि उतरली. टोपली आणायला.

चाओती : आणि?

आजी : तळं खोल नव्हतं. चिखल खोल होता. तिनं टोपली गाठली. डोक्यावर धरली होती दोन्ही हातांनी. दोन्ही हात वर, मग पाणी कापायला हात कुठं? मला म्हणाली, आई, घ्या. माझ्याकडं टोपली पुढं करत होती.

चाओती : तू घेतलीस?

आजी : मला पोहता येत नाही.

चाओती : मी ते नाही विचारलं.

आजी : मी बांधावरच उभी होते.

त्साय गुरुजी : बास, आजी.

आजी : मी ओरडले नाही. ओरडले असते तर लोक आले असते. एवढंच.

चाओती : तीस वर्षं मी तिच्यावर रागावून होते, गुरुजी. मी लाल पाणी प्यायले पण मनातून तिला म्हणत होते, मला का नेलं नाहीस, नाहीतर राहिली का नाहीस. आणि ती दोन्ही हात वर करून.

त्साय गुरुजी : रडा, ताई. पण थोडं. उजेड आहे तोवर आपल्याला तळ्यावर जायचंय. आजी, तुमची हरकत?

आजी : माझ्या हरकतीला आता कोण विचारतंय?

त्साय गुरुजी : मी विचारतोय. घरातलं वडील माणूस तुम्ही. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मला कागद बदलता येत नाही. आणि उद्या गावात लोक बोलतील, हुंगच्या माशांना कोणी हात लावणार नाही, सून माहेरी जाईल, तेव्हा तुम्ही माझ्या दारात येऊन शिव्या घालायच्या नाहीत. माझ्या बापालाही घालायच्या नाहीत. त्यानं केलं ते मी निस्तरीन.

आजी : मी मेल्यावर ती तिथं असेल, नाही का? दारातच.

त्साय गुरुजी : असं म्हणतात. तिला वर आणलं नाही तर असेल.

आजी : तिला सासू म्हणून मला नमस्कार करावा लागेल.

त्साय गुरुजी : तिथले नियम मला एवढे माहीत नाहीत, आजी. लाल की पांढरा?

आजी : पांढरा. आणि त्याच्याबरोबर एक लहान.

त्साय गुरुजी : लहान. लहान्याला नाव लागेल. वर वाचायला.

आजी : नाव ठेवलं नव्हतं.

चाओती : नाव मी ठेवते. निळं कापड आणलंय ना मी. नील ठेवा. आमच्या घरात कोणाचंच नाव नुसतं चांगलं दिसतं म्हणून ठेवलं नाही. हिचं ठेवा.

त्साय गुरुजी : आणि ती बसमधून येणारी?

चाओती : सोचूला मीच सांगेन. तिलाही कोणी टोपलीत घालून नेलं असेल, पण तिला पलीकडून कोणीतरी घेतलं. आली तर माझ्याजवळ उभी राहील. मनोऱ्याला हात लावणार नाही.

(उन्हं कलल्यावर लू घराण्याच्या तळ्याचा बांध. निशाण, शिंग, देवाच्या तसबिरी, मागे सगळं गाव. हुंग आलेला नाही. पाण्याच्या कडेला दोन पांढरे मनोरे उभे आहेत, एक माणसाच्या उंचीचा, एक गुडघ्याएवढा.)

त्साय गुरुजी : लेहुआ, लू घराण्याची सून. पाण्यात गेलीस. आजवर आम्ही तुला भलतीकडं हाका मारल्या, त्याची क्षमा कर. माझ्या बापाचीही कर. तुझी मुलगी कडं धरून उभी आहे. ये. नील, लू घराण्याची मुलगी. पाण्यात गेलीस. ये. ताई, फिरवा.

चाओती : हलका आहे.

त्साय गुरुजी : आत्ता तर हाक मारली. फिरवा. लहान्याला कोण हात लावणार?

चाओती : माझे दोन्ही हात इथं आहेत. आई येईपर्यंत मी सोडणार नाही.

त्साय गुरुजी : रक्ताचं माणूस हवं. धाकटं. हुंगला निरोप पाठवला होता.

आजी : तो येणार नाही. दार लावून बसलाय. त्याच्या बायकोनं गाठोडं बांधलं.

त्साय गुरुजी : मग मी माझ्या मुलाला बोलावतो.

आजी : बाजूला हो.

त्साय गुरुजी : आजी, मोठ्यांनी धाकट्यांच्या मनोऱ्याला हात लावायचा नसतो. वडीलधाऱ्यांनी लेकरांपुढं वाकायचं नसतं. उलटं होतं ते. तुमच्यावरच येतं.

आजी : येऊ दे. दुसरं कोण आहे? गुडघ्याएवढा मनोरा केलायस मेल्या, आणि मला म्हणतोस वाकू नका. चाओती, ही काठी धर. नको, धरू नकोस, तू तुझं कडं धर. मी बसते. इथं चिखलातच बसते.

चाओती : आईचा अजून हलकाच आहे, गुरुजी.

त्साय गुरुजी : घाई करू नका, ताई.

चाओती : घाई नाही. मला कळलं. ती आधी येणारच नाही. ती आधी बाळाला वर देईल.

त्साय गुरुजी : आजी, फिरवा. अगदी हळू. त्यात वजन असं काही नसतं, कागद आणि चार काड्या. आजी? काय झालं? थांबलात का?

आजी : थांबले नाही रे. फिरेना.

चाओती : आजी?

आजी : जड आहे. टोपली एवढी जड नव्हती.